'केवळ' या शब्दाचे वजन

मोठमोठे शब्दच भाषेत मोठे काम करतात, हा समज खोटा आहे. मराठीतले 'च', 'ही', 'तर' पाहा. 'रमा शिकली' हे साधे विधान. 'रमाच शिकली' म्हटले की बाकीच्या शिकल्या नाहीत. 'रमाही शिकली' म्हटले की आणखी कोणीतरी शिकले आहे. आणि 'रमा तर शिकली' म्हटले की बाकीच्यांचे काय, हा प्रश्न तसाच लोंबकळत राहतो. माणूस तोच, क्रियापद तेच. जोर बदलला की अर्थ बदलला!

हा जोर आम्ही रोज सोसतो. 'तुमची मुलगीही डॉक्टर झाली?' यातला 'ही' अभिनंदन करीत नाही, आश्चर्य व्यक्त करतो. 'मी तर जात मानत नाही' म्हणणारा आपल्या घरच्यांबद्दल काहीच बोलत नाही. ते लग्नाची बोलणी निघाली की कळते. 'प्रवेश गुणवत्तेवरच द्या' यातला 'च' राखीव जागेवरच्या मुलाकडे गुणवत्ता नाही, हे न बोलताच ठरवून टाकतो. राखीव जागांची यादीही गुणांच्या क्रमानेच लागते, हे मग कोण सांगणार? उघड शिवीला उत्तर देता येते. या छुप्या जोराला देणे अवघड जाते.

बाबासाहेबांनी ते दिले. 1951 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने चंपकम दोराईराजन खटल्यात मद्रास सरकारचा जातवार जागावाटपाचा आदेश रद्द केला. आधार होता घटनेच्या कलम 29(2) चा. पुढच्याच महिन्यात पहिल्या घटनादुरुस्तीवर बोलताना कायदामंत्री बाबासाहेबांनी त्या कलमातल्या एकाच शब्दावर बोट ठेवले: 'केवळ'. केवळ धर्म, वंश, जात, भाषा या कारणांवरून प्रवेश नाकारता येत नाही, असे कलम म्हणते. म्हणजे भेद करण्यामागे याहून वेगळे कारण असेल, तर त्याला मनाई नाही. न्यायालयाने या शब्दाचा हवा तेवढा विचार केला नाही, असे त्यांनी संसदेत बजावले. त्याच दुरुस्तीने कलम 15(4) आले आणि मागासवर्गीयांसाठी विशेष तरतुदींचा मार्ग मोकळा झाला.

एका शब्दावर पिढ्यांचे शिक्षण अडते, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. म्हणून समोरचा काय बोलला एवढेच ऐकून थांबू नका. त्याने जोर कशावर दिला आणि कोणाला वगळले, तेही ऐका. आणि तिथल्या तिथे विचारा, "'ही' म्हणजे काय हो?"