टेबलावरची क्वार्टर

टेबलावर सीलबंद क्वार्टर, काचेचा ग्लास, सोड्याची बाटली आणि कागदाच्या पुडीत खारे शेंगदाणे. समोर भाऊ. पनवेलमधल्या एका मानसोपचारतज्ज्ञांच्या दवाखान्याची ही आतली खोली. भाऊ आमच्याच इमारतीतले, तळोजा एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीतून निवृत्त झालेले. सोबतीला मला घेऊन आले आणि म्हणाले, "लिहायचं तर लिही, नाव तेवढं नको." दारू सुटून काही महिने झाले होते. हातांची थरथर, घाम, उडालेली झोप हे सगळं आधीच डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधांनी निस्तरलं होतं. त्याआधी या टेबलापाशी कुणाला बसवत नाहीत.

समुपदेशक मुलीने विचारलं, "भाऊ, तलफ किती? शून्य ते दहा."

"तीन."

"सील तोडा."

बूच फिरल्याचा आवाज झाला आणि भाऊ आकडा विचारायच्या आतच म्हणाले, "सहा." ग्लासात ओतून वास घ्यायला सांगितल्यावर आठ. गळ्याची घाटी वरखाली होत होती, तळवे पँटला पुसले जात होते. मुलगी ना समजावत होती, ना धीर देत होती. घड्याळ बघायची आणि आकडा लिहायची. मला राहवेना, पुरे झालं असं वाटत होतं. पण आठावर असताना उठायचं नाही, हाच इथला कडक नियम. तलफेच्या ऐन भरात उठलं तर मेंदू एवढंच शिकतो, की यातून सुटका पळण्यातच आहे. बऱ्याच वेळाने सहा झाला, मग पाच, मग पुन्हा सहा, आणि शेवटी तीन. भाऊंनी स्वतःच्या हाताने ग्लास बेसिनमध्ये ओतला. तेव्हाही आकडा विचारला गेला.

पावलॉव्हच्या कुत्र्याची गोष्ट आपण शाळेत ऐकतो, पण तिचा उत्तरार्ध कुणी सांगत नाही. घंटा वाजत राहिली आणि अन्न आलंच नाही, तर लाळ हळूहळू थांबते. मात्र मध्ये काही काळ गेला, की त्याच घंटेला लाळ पुन्हा सुटते. म्हणजे जुनं शिकलेलं पुसलं जात नाही. त्याच्यावर नवं बसतं, आणि हे नवं कच्चं असतं. केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या सरकारी रुग्णालयात 1940च्या दशकात एब्राहम विकलर यांनी हेच माणसांत पाहिलं. महिनोन्‌महिने नशेपासून दूर असलेल्या रुग्णांमध्ये नशेच्या गप्पा निघाल्या, की जांभया सुरू व्हायच्या, नाक गळायचं, डोळ्यांना पाणी यायचं. पुढे टेबलावर बाटली ठेवून तलफ विझवायचे प्रयोग बरेच झाले. 2002 मध्ये कॉंकलिन आणि टिफनी या संशोधकांनी त्यांचा एकत्रित हिशेब मांडला, तेव्हा ठोस फायदा दिसला नाही. दवाखान्यात शिकलेलं दवाखान्यातच राहत होतं.

त्याच वर्षी अमेरिकेत एमोरी विद्यापीठात मायकेल डेव्हिस यांच्या प्रयोगशाळेत उंदरांवर एक औषध वापरलं गेलं: डी-सायक्लोसेरीन. हे 1950च्या दशकातलं क्षयरोगाचं औषध. मेंदूतल्या ज्या ग्राहीमुळे नवी शिकवण पक्की होते, त्या एनएमडीए ग्राहीला ते हलकी चालना देतं. ज्या उंदरांची भीती पुन्हापुन्हा सामोरं नेऊन घालवली जात होती, त्यांची भीती औषधाने लवकर गेली. 2004 मध्ये उंचीला घाबरणाऱ्या 28 माणसांना आभासी लिफ्टमधून वर नेण्याआधी गोळी दिली, तर मोजक्या दोनच सत्रांत फरक दिसला. गोळी रोज घ्यायची नव्हती, फक्त सत्रापुरती. मग साहजिकच व्यसनाच्या डॉक्टरांनाही आशा वाटली.

इथे मात्र गोळी फिरली. सिगारेट ओढणाऱ्यांवरच्या एका छोट्या अभ्यासात बरं चित्र दिसलं, जर्मनीत मानहाइमला दारूच्या रुग्णांच्या मेंदूचा प्रतिसाद उतरलेला दिसला. पण कोकेनच्या आणि दारूच्या इतर काही रुग्णांमध्ये तलफ कमी व्हायच्या ऐवजी वाढली. कारण ऐकल्यावर मला ते भाऊंच्या आकड्यांतच दिसलं. ही गोळी चांगलं काय, वाईट काय, हे निवडत नाही. त्या तासाभरात जे शिकलं जाईल, ते ती पक्कं करते. आठाचा तीन झाला तर तीन पक्का, आठावरच सत्र संपलं तर आठ पक्का. म्हणूनच काही संशोधकांनी सुचवलं, की गोळी आधी देऊ नका. सत्र नीट उतरलं तरच नंतर द्या.

आमच्या डॉक्टरांनी ती वापरली नाही, आणि ते बरोबरच होतं असं माझं मत. सायक्लोसेरीन आपल्याकडे औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाच्या रुग्णांना देतात. त्याने झटके येऊ शकतात, मन बिघडू शकतं, आणि दारू पिणाऱ्यांना तर ते देऊच नये अशी स्पष्ट सूचना आहे. रुग्ण उद्या घसरला तर?

भाऊंना मिळते ती नाल्ट्रेक्सोन, 50 मिलिग्रॅम, यकृताची तपासणी करून. दारूने जी मजा येते, तीच ती अडवते. फिनलंडच्या जॉन सिंक्लेअर यांचं म्हणणं असं, की ही गोळी घेऊन माणूस प्यायला, तरी घोटामागे बक्षीस मिळत नाही, म्हणून तलफ हळूहळू विझते. पावलॉव्हची अन्नाविना घंटा, पण ग्लासासकट. आमचे डॉक्टर तेवढे धाडसी नाहीत. त्यांचा हिशेब साधा: गोळी चालू असताना पाय घसरला, तर जुनी शिकवण पुन्हा खमंग होऊ नये.

जाता जाता: 'पेशंटच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती अजून दिसतात. अशा पुड्यांत काय असेल सांगता येत नाही. डायसल्फिराम हे औषध असेल आणि ते आमटीत कालवलेलं माणसाला माहीतच नसेल, तर वर दारू पडल्यावर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. शिवाय नकळत माणूस काहीच शिकत नाही.

खरं सत्र बाहेर झालं, आणि तेच मला जास्त पटलं. तलफ उठवणाऱ्या गोष्टींची भाऊंची एक यादी होती, तिच्यात बाटली खाली होती. वर होतं: पूर्वीच्या पगाराची सात तारीख, लोकलमधली 'पुढील स्थानक पनवेल' ही घोषणा, 'परमिट रूम' लिहिलेली पाटी, गटारी, आणि जुन्या शिफ्टमधल्या मित्राचा फोन, "बसायचं का?" ती मुलगी त्यांना संध्याकाळच्या गर्दीत स्टेशनवरून एसटी स्टँडच्या दिशेने चालत घेऊन गेली. दारूच्या दुकानासमोर थांबायचं, आकडा सांगायचा, तो उतरेपर्यंत हलायचं नाही. काउंटरवरचे लोक बघत होते. भाऊ "सात" म्हणाले ते जरा मोठ्यानेच.

परतताना त्यांनी सांगितलं, की सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने 1 एप्रिल 2017 पासून हायवेलगतची दुकानं बंद झाली, तेव्हा ते आपोआप सुटले होते. जुलैमध्ये न्यायालयाने पालिका हद्दीतल्या दुकानांना मोकळीक दिली आणि शटर वर गेलं. "त्याच दिवशी प्यायलो," म्हणाले. उभी बाटली-आडवी बाटलीचं मतदान करून बायका वॉर्डातलं दुकान बंद पाडतात, त्याला माझा पाठिंबाच आहे. पण शेजारच्या वॉर्डातलं उघडंच असतं.

हे वाचून घरी टेबलावर बाटली मांडायला जाऊ नका. रोज पिणाऱ्याने एकदम दारू सोडली, तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. आधी डॉक्टर गाठा. कुठे जायचं हे कळत नसेल, तर केंद्र सरकारच्या 14446 या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करा. फोनला पैसे पडत नाहीत, आणि फोन पिणाऱ्यानेच करायला हवा असंही नाही.