लोंबत्या पापणीचा लाल डोळा

बॅसेट हाउंड, ब्लडहाउंड, सेंट बर्नार्ड या जातींची कुत्री कायम रडवेली दिसतात. त्यांची खालची पापणी सैल असते आणि बाहेरच्या बाजूला वळते. त्यामुळे आतला ओलसर, लालसर पडदा उघडा पडतो. घरी आलेला पाहुणा हमखास विचारतो, ‘‘याचे डोळे आले आहेत का?’’ बहुतेक वेळा तसे नसते. माणसाच्या पापणीची आतली बाजूही लालसरच असते. पापणी घट्ट बसलेली असल्याने ती दिसत नाही, इतकेच.

हा नेहमीचा लालपणा ओळखता येतो. तो दोन्ही डोळ्यांत साधारण सारखा आणि पापणीच्या आतल्या भागापुरता असतो. कुत्रा डोळे सहज उघडे ठेवतो, पंजाने चोळत नाही. अशा पापणीत धूळ, केस, कुसळे साठतात. म्हणून उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या मऊ, स्वच्छ कापडाने डोळ्यांभोवती रोज हलकेच पुसावे. प्रत्येक डोळ्यासाठी कापड वेगळे घ्यावे.

धोका ओळखायचा तो बदलावरून. डोळ्याचा पांढरा भाग लाल होणे, एकच डोळा लाल होणे, डोळा मिटून धरणे, पिवळी-हिरवी चिपडे येणे ही आजाराची लक्षणे आहेत. चिकट, दोरीसारखा स्राव सतत येत असेल तर अश्रू कमी पडत असण्याची शक्यता असते. ते तपासण्यासाठी पशुवैद्यक कागदाची बारीक पट्टी पापणीत अडकवतात. निरोगी डोळ्यात ती मिनिटाला 15 मिलिमीटर किंवा जास्त भिजते. नाकाकडच्या कोपऱ्यात चेरीसारखा लाल गोळा दिसला, तर ती तिसऱ्या पापणीतली ग्रंथी बाहेर आलेली असते. ही ग्रंथी अश्रू तयार करते, म्हणून ती कापून न टाकता शस्त्रक्रियेने जागेवर बसवतात.

सर्वांत तातडीचा आजार म्हणजे काचबिंदू. बॅसेट हाउंड आणि कॉकर स्पॅनियलमध्ये तो आनुवंशिकतेने येऊ शकतो. डोळा लाल, दुखरा, वरून निळसर-धुरकट आणि बाहुली मोठी दिसत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. एक-दोन दिवसांच्या उशिरानेही दृष्टी कायमची जाऊ शकते.

घरात उरलेले माणसांचे थेंब मात्र कधीही घालू नयेत. त्यात स्टेरॉइड असेल आणि बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला जखम झालेली असेल, तर ती चिघळून पडद्याला भोक पडू शकते.

कुत्रा ठणठणीत असताना त्याच्या दोन्ही डोळ्यांचा उजेडात एक फोटो काढून ठेवावा. शंका आली की त्याच्याशी ताडून पाहता येते आणि तो डॉक्टरांनाही दाखवता येतो.