पेट्रोलचा हिशेब आणि इंजिनाचे साक्षीदार

बीदर जिल्ह्याच्या भालकी तालुक्यातील खटकचिंचोळी हे आमचे गाव. तूर निघू लागली, म्हणजे येथील आडतीचा माल कधी भालकीला, कधी उदगीरच्या मोंढ्यात, तर कधी थेट कलबुर्गीच्या डाळमिलकडे न्यावा लागतो. पूर्वी त्यासाठी बैलगाड्या जुंपल्या जात. आता बहुतेक पेढ्यांच्या दारात एखादा तरी लहान टेंपो उभा असतो. बैलांच्या वैरणीचा हिशेब आपले वडील ज्या बारकाईने ठेवीत, त्या बारकाईने टेंपोच्या पेट्रोलचा हिशेब आपण ठेवतो काय, हा प्रश्न गेल्या हंगामात माझ्यापुढे मोठ्या अप्रिय रीतीने उभा राहिला. सदस्यबंधूंना उपयोगी पडेल म्हणून तो प्रसंग येथे सांगतो.

आमचा पेट्रोलवरील टेंपो लिटरमागे १६ किलोमीटर चालत असे. ऐन हंगामात तो आकडा साडेबारावर आला. मुनीमजींनी पंपाच्या पावत्या जोडून दाखविल्या, तेव्हा माझ्या मनात प्रथम आला तो गाडीचा चालक. हा मनुष्य ११ वर्षे आमच्या पेढीवर आहे. मी त्याला उघड काही बोललो नाही; परंतु दुसऱ्याच दिवशी टाकीला कुलूप लावविले. ते पाहून तोही काही बोलला नाही. त्यापूर्वी दोन वेळा त्याने मला सांगितले होते, "सावकार, गरमीचा काटा वर येईना." मी ते कानाआड केले होते.

आजच्या इंजिनात कार्ब्युरेटर राहिलेला नाही. पेट्रोल किती शिंपडावयाचे हे एक लहानसा संगणक ठरवितो. परंतु तो बिचारा आंधळा असतो. पाणी किती तापले, हवा किती आत आली, धुरात प्राणवायू किती उरला, याची वर्दी त्याला संवेदक देतात. फिटर मंडळी त्यांना सेन्सर म्हणतात. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे नियम आले, तसे या साक्षीदारांचे महत्त्व वाढतच गेले.

पुढे इंजिनाचा पिवळा दिवा लागला. एका कार्यशाळेत यंत्र जोडून पाहिले, तो "मिश्रणात पेट्रोल अधिक" असा संकेतांक निघाला. तेथील मंडळींनी लगेच प्राणवायूचा संवेदक बदलला, बिल हाती दिले, दिवा विझविला. चार दिवसांनी दिवा पुन्हा लागला. पेट्रोल पूर्वीइतकेच जात होते.

शेवटी एका वृद्ध वायरमनकडे गाडी नेली. त्याने प्रथम यंत्र काढलेच नाही. टाकी काठोकाठ भरून किलोमीटरचा आकडा लिहिला होता काय, पुन्हा तशीच भरून भागाकार केला होता काय, हे विचारले. मग चाकांतील हवा, हवेची जाळी आणि ब्रेक धरून राहतात काय, हे पाहिले. या सर्वांत दोष नाही, असे ठरल्यावरच त्याने यंत्र जोडले. आणि तेही संकेतांकासाठी नव्हे, तर इंजिन चालू असतानाचे आकडे वाचण्यासाठी.

सकाळी थंड इंजिनावर पाण्याचे तापमान बाहेरच्या हवेइतकेच दिसत होते. गाडी तासभर चालवून आणल्यावर मात्र आकडा ५५ अंशांच्या पुढे जाईना. रेडिएटरची वरची नळी तर हात टेकवू देत नव्हती! इंजिन तापले होते आणि संगणकाला ते कोमटच वाटत होते. थंड इंजिनाला अधिक पेट्रोल द्यावयाचे हा त्याचा धर्म. तो इमानाने अधिक देत होता. पंख्याला या गाडीत स्वतंत्र स्विच आहे, म्हणून पाणी उकळले नाही आणि दोष झाकलेला राहिला. थर्मोस्टॅट उघडा अडकला असता, तर ती नळी पहिल्यापासूनच हळूहळू तापली असती. ती काही वेळ थंड राहून मग एकाएकी तापली. म्हणजे थर्मोस्टॅट निर्दोष.

त्याने तापमानाचा संवेदक काढून शेजारच्या चहावाल्याकडील गरम पाण्यात तापमापकासह बुडविला व मीटर लावला. २० अंशांना सुमारे अडीच हजार ओहम आणि ८० अंशांना सुमारे ३०० ओहम, असा या जातीच्या संवेदकाचा सर्वसाधारण हिशेब असतो. तो बरोबर जुळला. म्हणजे हाही साक्षीदार खरा! दोष निघाला तो जोडणीच्या टोपणात. पितळी पिनेवर हिरवट गंज चढून तेथे सुमारे ४०० ओहमचा अडथळा झाला होता. थंडीत अडीच हजारांपुढे चारशे किरकोळ, म्हणून सकाळी चूक दिसत नसे. तापल्यावर तीनशेचे सातशे होत, आणि ८०च्या ठिकाणी ५५ दिसत. पिना घासून टोपण घट्ट बसविताच आकडा ८८ वर गेला.

बदललेला प्राणवायूचा संवेदकही त्याने मागवून घेतला, पुन्हा बसविला आणि हवेची एक बारीक नळी क्षणभर सोडली. ०.९ व्होल्टजवळचा आकडा तत्काळ खाली आला. पेट्रोल अधिक जाते, हे तो प्रथमपासून खरेच सांगत होता. आपण सांगणाऱ्यालाच बडतर्फ केले होते.

याच ओघात आणखी एक सांगून ठेवतो. किल्ली फिरवून इंजिन बंद ठेवले असता हवेच्या दाबाचा संवेदक समुद्रकाठी सुमारे १०१ किलोपास्कल दाखवितो. आपले पठार ६०० मीटरच्या आसपास उंच. येथे सुमारे ९४ हाच खरा आकडा. मुंबईचा आकडा येथे शोधणारा फिटर चांगला संवेदक फेकून देईल. तसेच, धान्याच्या कोठाराला लागून गाडी उभी करणाऱ्यांनी कोणताही भाग बदलण्यापूर्वी उंदरांनी तारा कुरतडल्या नाहीत ना, हे अवश्य पाहावे.

पुढच्या दोन टाक्यांत टेंपो पुन्हा १६ वर आला. टाकीचे कुलूप मी स्वतःच्या हाताने काढले आणि चालकाला म्हणालो, "माझी चूक झाली." त्याने कुलूप हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि विचारले, "काटा बघितला का आता, सावकार?"