तेलविहिरीचे गुण : पाच आणि पाच सारखे नसतात

तेलविहिरीवरचा धोका मोजायची रीत साध्या गुणाकाराची आहे. दुर्घटनेच्या शक्यतेला १ ते ५ गुण, होणाऱ्या नुकसानीला १ ते ५ गुण आणि दोन्हींचा गुणाकार म्हणजे जोखमीचा आकडा. आता गंमत पाहा. रिगवर पाय घसरणं : शक्यता ५, नुकसान १, आकडा ५. विहीर उसळून पेट घेणं : शक्यता १, नुकसान ५, आकडा पुन्हा ५! कागदावर दोन्ही सारखे. पण एकाला मलमपट्टी पुरते, दुसऱ्यात माणसं जातात. म्हणून नुसत्या गुणाकारावर क्रम लावू नये. नुकसानीच्या रकान्याला जास्त वजन हवंच.

नॉर्वेत विहिरींना धोक्यानुसार रंग देतात : हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. खालचा तेल-वायू आणि बाहेरचं जग यांच्यामध्ये दोन स्वतंत्र अडथळे शाबूत असले, की विहीर हिरवी. एक निकामी आणि दुसराही धड नाही, की लाल.

खोदकाम चालू असताना पहिला अडथळा कोणता? चिखल! रिगवर त्याला ‘मड’ म्हणतात. पाणी किंवा तेल, त्यात माती आणि वजनासाठी बराइटची पूड. विहिरीत उभ्या असलेल्या या मडचं वजन खालचा दाब रोखून धरतं. त्यामुळे रिगवर टाकीच्या पातळीवर सतत डोळा असतो. वरून काही न ओतता टाकीतला मड वाढू लागला, किंवा पंप बंद करूनही विहिरीतून मड येतच राहिला, की खालून काहीतरी आत शिरलं. ही ‘किक’. मग दुसरा अडथळा, बीओपी : विहिरीच्या तोंडावरचा अवजड झडपांचा मनोरा. जेम्स ॲबरक्रॉम्बी आणि हॅरी कॅमरन यांनी १९२२ साली अमेरिकेत तो घडवला.

विहिरीतून विषारी वायूही वर येऊ शकतो. त्याच्या सडक्या अंड्याचा वास येतोय तोवर सावध व्हायला वेळ आहे! पण या हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला, असं मुळीच नाही. म्हणून कामगाराच्या छातीवर डिटेक्टर.

२० एप्रिल २०१०, मेक्सिकोचं आखात. ‘डीपवॉटर हॉरायझन’ या रिगवर विहीर नीट बंद झाली का, याची चाचणी झाली. बीओपीपासून वर येणाऱ्या ‘किल लाइन’ या पाइपवर दाब शून्य, ड्रिल पाइपवर मात्र १,४०० पीएसआय. विहीर नीट बंद असती, तर दोन्हीकडे शून्यच हवं होतं. तरी चाचणी पास धरली गेली. त्या रात्री विहीर उसळली, ११ जण गेले. या रिगवर सात वर्षं काम बुडवणारा एकही अपघात नव्हता आणि त्याच दिवशी त्याबद्दल कौतुक करायला अधिकारी रिगवर आले होते! पाय घसरल्याच्या नोंदी विहिरीच्या पोटातलं काही सांगत नाहीत.

आपल्या मुंबई हायवर २७ जुलै २००५ ला सुरुवात झाली ती आचाऱ्याच्या बोटाच्या जखमेपासून. त्याला ‘समुद्र सुरक्षा’ जहाजावरून प्लॅटफॉर्मवर हलवताना खवळलेल्या समुद्रात जहाज रायझरवर, म्हणजे समुद्रतळ आणि प्लॅटफॉर्म यांच्यामध्ये तेल-वायू नेणाऱ्या पाइपवर आदळलं. गळती, स्फोट, आग. दोनेक तासांत प्लॅटफॉर्म नाहीसा झाला, २२ जण गेले. रोज जहाजं जिथे टेकतात तिथल्या उघड्या रायझरला जोखमीच्या यादीत अगदी वरचीच जागा हवी, मग शक्यतेच्या रकान्यात १ का असेना.