हलगी कडाडली!

मुलांनो, आपल्या वाळवा तालुक्यातल्या जत्रेत कुस्त्यांना रंग कशाने चढतो? हलगीने! कड्यावर बकरीचं कातडं ताणलेलं असतं. ते आधी शेकोटीवर शेकायचं, म्हणजे आवाज खणखणीत निघतो. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी.

अठराव्या शतकात मराठ्यांच्या फौजेत नगारे झडत, शिंगं फुंकली जात. त्या काळातले लाठी, दांडपट्ट्याचे डाव कोल्हापूरची मुलंमुली आजही हलगीच्या ठेक्यावर खेळतात. हेच मर्दानी खेळ.

हलगी पुस्तकातून नाही, ऐकून-बघूनच शिकायची. मातंग समाजातल्या वादकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या जपली. मान मात्र त्यांना क्वचितच मिळाला. तेव्हा पुढच्या जत्रेत हलगीवाल्या काकांना नमस्कार करा आणि म्हणा, "काका, एक ठेका शिकवा ना!"