प्लाझ्मिन : रक्ताची गुठळी विरघळविणारे विकर

मामा तलावाची पाळ फुटली की गावकरी माती टाकून भगदाड बुजवितात. परंतु तीच माती पाटात साचून राहिली, तर खालच्या धानाच्या बांध्यांना पाणी पोहोचत नाही. रक्तवाहिन्यांचेही असेच आहे. जखम झाल्यावर फायब्रिनच्या तंतूंचे जाळे रक्तस्राव थांबविते. काम संपल्यावर ते जाळे कापून वाट मोकळी करणारे विकर म्हणजे प्लाझ्मिन.

प्लाझ्मिन रक्तात मोकळे हिंडत नाही, हे बरेच आहे. अन्यथा साध्या खरचटण्याचेही रक्त थांबले नसते. यकृतात तयार होणारे प्लाझ्मिनोजेन हे त्याचे निद्रिस्त रूप रक्तात असते. रक्तवाहिनीच्या अस्तरातून स्रवणारा घटक त्यास गुठळीच्या जागीच जागृत करतो. कोरोनाकाळात घरोघरी ठाऊक झालेली ‘डी-डायमर’ चाचणी म्हणजे प्लाझ्मिनने कापलेल्या फायब्रिनच्या तुकड्यांचेच मोजमाप होय.

हृदयाच्या धमनीत एकाएकी गुठळी झाली, तर मात्र ही नैसर्गिक शक्ती अपुरी पडते. १९३३ साली टिलेट व गार्नर यांनी विशिष्ट जिवाणूंच्या स्रावात गुठळी विरघळविण्याचा गुण दाखवून दिला. त्यातूनच पुढे स्ट्रेप्टोकायनेज हे औषध आले. ते स्वतः गुठळी कापीत नाही, रुग्णाच्याच प्लाझ्मिनोजेनला कामास लावते. वेळेत अँजिओप्लास्टी होणे अधिक चांगले, यात शंका नाही. परंतु देवरी वा सालेकसा तालुक्यातील रुग्णास नागपूर जवळ नाही. अशा वेळी ईसीजी पाहून दिलेले हे इंजेक्शन हृदयाचा स्नायू वाचवू शकते. छातीत कळ आल्यापासून १२ तासांच्या आत ते द्यावे लागते, आणि पहिल्या दोन-तीन तासांतील लाभ सर्वाधिक. ‘गॅस झाला असेल’ म्हणून सकाळपर्यंत थांबण्यात हेच तास निघून जातात. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका थोडा असतोच. म्हणून पूर्वीचा पक्षाघात वा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया नातलगांनी डॉक्टरांपासून लपवू नये.

बाळंतिणीच्या अतिरक्तस्रावात गरज नेमकी उलट असते. तेथे प्लाझ्मिनला आवरावे लागते. जपानमधील ओकामोटो दांपत्याने १९६२ मध्ये जगापुढे आणलेले ट्रॅनेक्झॅमिक आम्ल हे काम करते. औषध स्वस्त आहे. प्रसूतीनंतर ३ तासांच्या आत ते द्यावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये केली. घरी वा वाटेत प्रसूती झाली असल्यास ती किती वाजता झाली, हे सोबतच्या माणसाने दाखल करतानाच सांगावे.