पंपिंगचा दुसरा आकडा

हार्ट अटॅकनंतर ‘पंपिंग ३५ टक्क्यांवर आलंय’ असं ऐकलं की घरच्यांचा धीर सुटतो. उरलेलं ६५ टक्के हृदय मेलं, असं वाटतं. तसं नसतं. निरोगी हृदयही सगळं रक्त बाहेर टाकत नाही. डावा कप्पा भरला की समजा त्यात १२० मिलिलिटर रक्त असतं आणि आकुंचनानंतर ५० उरतं. म्हणजे ७० बाहेर गेलं, ५८ टक्के. साधारण ५५ ते ७० हा नेहमीचा आकडा. शिवाय झटक्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांतला आकडा अंतिम नसतोच.

रक्तवाहिनी बंद पडल्यावर साधारण वीस मिनिटांनी स्नायूच्या पेशी मरायला लागतात. सुरुवात आतल्या थरापासून होते आणि वेळ जाईल तसा मृत्यू बाहेरच्या थराकडे सरकतो. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यात हा वेळ फार महाग पडतो. अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या माणसाला लोणी, शिर्डी किंवा नगर शहरातलं मोठं रुग्णालय गाठेपर्यंत बराच वेळ जातो. वाहिनी उघडल्यावरही वाचलेला स्नायू लगेच कामाला लागत नाही. तो जिवंत असतो, त्याला रक्त मिळत असतं, पण तो बधिर झालेला असतो. ब्राउनवॉल्ड आणि क्लोनर या हृदयरोग संशोधकांनी १९८२ मध्ये या अवस्थेला नाव दिलं. ही बधिरता काही दिवसांत ते काही आठवड्यांत उतरते. मेलेल्या जागी मात्र व्रण राहतो.

बधिर किती आणि मेलेला किती, हे कळायला मुख्य साधन म्हणजे टूडी इको. रुग्णाला डाव्या कुशीवर झोपवतात, छातीला जेल लावतात आणि बरगड्यांच्या फटीतून ध्वनिलहरी पाठवतात. कप्पा सर्वांत मोठा असताना आणि सर्वांत लहान असताना त्याची आतली कड पडद्यावर आखली जाते. त्यावरून यंत्र आकारमान आणि टक्केवारी काढतं. डॉक्टर भिंतीचे १७ भाग कल्पून प्रत्येक भाग जाड होतो का, तेही पाहतात. रिपोर्टमधला ‘हायपोकायनेटिक’ म्हणजे कमी हलणारा भाग, ‘अकायनेटिक’ म्हणजे न हलणारा. पहिल्या इकोत न हलणारा भाग तीन महिन्यांनी हलू लागला, तर तो बधिर होता, मेलेला नव्हता.

टक्केवारीच्या शेजारचे आकडेही वाचायला हवेत, आणि नेमकं तेच राहून जातं. समजा पहिल्यांदा कप्पा १३० मिलिलिटरचा होता, आता १८० चा झाला आणि पंपिंग तेच ३५ टक्के. वरवर पाहता काही बदललेलं नाही, पण हृदय ताणलं जातंय, फुगतंय. औषधं नेमकी तिथेच तपासून वाढवावी लागतात. दोन इकोंमध्ये चार-पाच टक्क्यांचा फरक मात्र निव्वळ मोजण्यातलाही असू शकतो. त्यामुळे शक्यतो त्याच ठिकाणी इको करावा आणि जुना रिपोर्ट सोबत न्यावा.

इकोत चित्र धूसर असेल किंवा बायपासचा निर्णय अडला असेल, तर हृदयाचा एमआरआय करतात. गॅडोलिनियमचं इंजेक्शन दिल्यावर ते व्रणात रेंगाळतं आणि सुमारे दहा मिनिटांनी व्रण पांढरा दिसतो. तो भिंतीच्या निम्म्याहून जास्त जाडीत असेल, तर तो भाग पुन्हा आकुंचन पावण्याची आशा कमी. पातळ असेल तर चांगली. स्टेंट असला तरी हा एमआरआय सहसा करता येतो. मूत्रपिंडाचा आजार किंवा पेसमेकर असेल तर आधी सांगावं. प्रत्येकाला याची गरज नसते.

दुसरा इको सहसा सहा आठवडे ते तीन महिन्यांच्या दरम्यान करतात. धोकादायक ठोक्यांपासून वाचवणारं आयसीडी यंत्र बसवायचं का, हेही त्यावर ठरतं. हा निर्णय झटक्यानंतर किमान ४० दिवस आणि स्टेंट टाकला असेल तर साधारण तीन महिने थांबून घेतात. मधल्या काळात औषधं नियमित घेतलेली असावी लागतात.

पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या ऊसतोड कुटुंबांची नेमकी दुसऱ्या इकोची तारीख हुकते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला कोयते घेऊन कारखान्याकडे गेलेला माणूस मार्चपर्यंत परत येत नाही, आणि बरं वाटतंय म्हणून गोळ्याही सुटतात. घरात असा रुग्ण असेल तर डिस्चार्जच्या दिवशीच दोन गोष्टी करा: पहिल्या इकोची प्रत फाईलला लावा आणि दुसऱ्या इकोची तारीख डॉक्टरांकडून लिहून घ्या. त्या वेळी गावी नसाल तर कारखान्याजवळच्या रुग्णालयात तीच फाईल घेऊन इको करून घ्या, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका.